उत्तर इंग्लंडमधली छोटी क्रिकेट मैदानं: घरून निघण्यापासून शेवटच्या बसपर्यंत

उत्तर इंग्लंडमधली गावाकडची क्रिकेट मैदानं बघायला निघालेल्यांची पहिली चूक ठरलेली असते. नकाशावर देखणं दिसणारं मैदान निवडायचं, दोन गाड्या बदलून तिथे पोहोचायचं, आणि कुलूप लावलेलं फाटक, झाकलेली खेळपट्टी अन् कोपऱ्यात उभा असलेला रोलर बघून परतायचं. ही मैदानं स्मारकं नाहीत. ते चालते क्लब आहेत, बहुतेक बिनपगारी स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारे. सामना असेल तेव्हाच तिथे जीव असतो. म्हणून सामना आधी ठरवा, मैदान नंतर.

हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि सप्टेंबरच्या मध्यावर संपतो. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता हात खिशातून बाहेर काढवत नाहीत, तेव्हा हौस असेल तरच जा. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. उजेड रात्री साडेनऊपर्यंत टिकतो, मैदान कोरडं होत आलेलं असतं आणि संघ पूर्ण ताकदीनिशी उतरतात. ऑगस्टमध्ये खेळाडू कुटुंबासह सुट्टीवर जातात, त्यामुळे पहिल्या संघातही चौदा-पंधरा वर्षांची पोरं दिसू लागतात. मुलाबाळांकडे मँचेस्टर किंवा लीड्सला आलेल्या आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर जूनच धरा.

सामना कसा शोधायचा

इंग्लंड क्रिकेट बोर्डाची 'प्ले-क्रिकेट' नावाची वेबसाइट आणि ॲप आहे. जवळपास प्रत्येक क्लबचं वेळापत्रक त्यावर असतं. क्लबचं नाव टाकून शोधू नका, लीगचं नाव टाका. एका तारखेचे सगळे सामने एकत्र दिसले की पर्यायी मैदानही तिथेच ठरवता येतं. मग या क्रमाने तपासा:

१. आधी लिहिलेला संघ यजमान असतो. तुम्हाला जे मैदान बघायचंय तो क्लब आधी आला आहे ना, ते बघा.

२. संघ पहिला आहे की दुसरा? पहिला संघ घरच्या मैदानावर असेल तर दुसरा बहुतेक परगावी असतो. नुसतं क्लबचं नाव वाचून निघाल्यामुळे फसगत होते ती इथेच.

३. सामन्याच्या पानावरचा मैदानाचा पत्ता आणि पोस्टकोड उतरवून घ्या. काही क्लबांची दोन मैदानं असतात, आणि दुसरं मैदान शाळेच्या मागे किंवा टेकडीच्या पलीकडे असू शकतं.

४. सुरुवातीची वेळ पाहा. साधारण साडेबारा ते दीड. हंगामाच्या दोन्ही टोकांना उजेड कमी असल्याने काही लीग ती अलीकडे आणतात.

५. त्या दिवशी सकाळी क्लबचं फेसबुक पान बघा. 'खेळपट्टीची पाहणी अमुक वाजता' असं लिहिलं असेल तर पाहणीचा निकाल कळेपर्यंत घर सोडू नका.

शनिवार की रविवार, हे लीगनुसार आणि स्पर्धेनुसार बदलतं. लीगचे बरेच सामने शनिवारी, तर चषकाचे पुष्कळदा रविवारी असतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला वीस षटकांचे सामने होतात. नोकरीवरून परस्पर जाण्याला ते सोयीचे.

कोणती लीग निवडायची हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. खेळाचा दर्जा हवा असेल तर लँकशर लीग किंवा ब्रॅडफर्ड प्रीमियर लीग. तिथे डाव पन्नास षटकांचा असतो आणि गोलंदाजी खरोखर वेगवान असते. डोंगर, दगडी कुंपणं, मेंढ्या आणि उताराची सीमारेषा हवी असेल तर यॉर्कशर डेल्सकडच्या क्रेव्हन आणि निडरडेल लीग बघा. हॅलिफॅक्स आणि हडर्सफील्ड लीग या दोन्हींच्या मधल्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने लँकशर लीगपासूनच सुरुवात करावी, कारण तिथे प्रेक्षकाला बसायला जागा, प्यायला चहा आणि गप्पा मारायला माणसं हमखास मिळतात.

रुळाकाठची मैदानं: रिश्टन ते नेल्सन

प्रेस्टन ते कोल्न हा छोटा रेल्वेमार्ग हाताशी धरला तर गाडीची गरज नाही. ब्लॅकबर्नच्या पुढे रिश्टन, चर्च अँड ऑस्वाल्डट्विसल, ॲक्रिंग्टन, बर्न्ली, नेल्सन, कोल्न अशी स्थानकं लागतात आणि जवळपास प्रत्येक गावात लँकशर लीगचा एक क्लब आहे. सुती कापडाच्या गिरण्यांची ही गावं. शनिवारी दुपारी गिरणीला सुट्टी होई, मग एका दुपारीच निकाल लागेल असं क्रिकेट हवं होतं. १८९२ मध्ये सुरू झालेली ही लीग त्या गरजेतून वाढली. प्रत्येक क्लबने एकच पगारी खेळाडू घ्यायचा, ज्याला सगळे 'प्रो' म्हणतात, अशी इथली परंपरा. त्यामुळे सात-आठ हजार वस्तीच्या गावातही जगातले पहिल्या प्रतीचे खेळाडू येऊन राहिले.

मराठी वाचकाला रिश्टन जवळचं वाटायला कारण आहे. भारताचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते १९५०च्या दशकात इथे प्रो होते. ओल्या, थंड हवेत, हातात बसत नसलेल्या चेंडूने लेगस्पिन टाकणं म्हणजे काय, ते मे महिन्यातल्या एखाद्या ढगाळ दुपारी इथे बसल्यावर लक्षात येतं. पुढे १९८७ मध्ये व्हिव्ह रिचर्ड्सही याच क्लबकडून खेळले. स्थानकातून मैदान चालत गाठता येतं.

नेल्सनचं सीडहिल मैदान इतिहासासाठी सर्वांत महत्त्वाचं. वेस्ट इंडिजचे अष्टपैलू लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ या नऊ हंगामांत इथे खेळले, त्यातल्या सात वेळा नेल्सनने लीग जिंकली. शेजारचं फुटबॉल मैदान एम६५ महामार्गात गेलं आणि क्रिकेटचं उरलं, त्यामुळे वाहनांचा आवाज दिवसभर कानावर असतो. १९८१ मध्ये कपिल देव इथले प्रो होते. स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटं चाला. वेळ असेल तर मेरेडिथ स्ट्रीटवर कॉन्स्टंटाइन राहत असलेल्या घरावरची निळी पाटी पाहून पुढे जा. ते राहतं घर आहे. रस्त्यावरून फोटो घ्या, दाराशी जाऊ नका.

बर्न्लीला एक अडचण आहे. क्रिकेट मैदान टर्फ मूर या फुटबॉल स्टेडियमला अगदी लागून आहे. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसन याच क्लबमध्ये घडला. पण एप्रिल-मे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुटबॉलचा घरचा सामना त्याच दिवशी असेल तर रस्ते बंद, बसेस वळवलेल्या आणि गाडी लावायला जागा नाही, अशी गत होते. त्यामुळे बर्न्ली ठरवण्याआधी फुटबॉलचं वेळापत्रकही बघा.

हॅस्लिंग्डन आणि रॉटनस्टॉल ही रोसेंडेल खोऱ्यातली गावं मुख्य रेल्वेजाळ्यात नाहीत. मँचेस्टरहून एक्स४३ क्रमांकाची बस रॉटनस्टॉलला जाते. तिथून हॅस्लिंग्डनला दुसरी बस. २०२५ पासून इंग्लंडमध्ये बसच्या एकेरी तिकिटाला तीन पौंडांची कमाल मर्यादा आहे. ती योजना निघण्याच्या वेळी सुरू आहे का, तेवढं पाहून घ्या. विजय हजारे रॉटनस्टॉलचे प्रो होते. हॅस्लिंग्डनच्या बेंटगेट मैदानाची गोष्ट त्याहून प्रसिद्ध: १९५२ मध्ये विनू मंकड तिथे करारबद्ध होते आणि क्लबने सोडल्यावरच ते लॉर्ड्स कसोटीत उतरले. तिथे त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय पाच बळी घेतले. रॅम्सबॉटमचं मैदान तर जुन्या वाफेच्या इंजिनांच्या पर्यटन रेल्वेच्या स्थानकाशेजारीच आहे. बरी नावाच्या गावाहून त्या गाडीने आलात तर प्रवास आणि सामना दोन्ही साधतं, फक्त ती गाडी रोज धावत नाही आणि तिचं तिकीट वेगळं असतं.

यॉर्कशरच्या बाजूला

एकच मैदान बघायचं असेल आणि सोबत क्रिकेटची फारशी आवड नसलेलं कुणी असेल, तर डोळे झाकून सॉल्टेअर निवडा. लीड्सहून रेल्वेने साधारण पंधरा मिनिटं. स्थानकातून व्हिक्टोरिया रोडने खाली उतरत जा: सॉल्ट्स मिल ही १८५३ची प्रचंड गिरणी, चर्च, मग कालवा, आणि एअर नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की समोर रॉबर्ट्स पार्क. मैदान बागेतच आहे. तिकीट नाही, फाटक नाही. ही आख्खी गिरणीवस्ती २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, म्हणून क्रिकेट नको असलेल्यांचे तीन तास सहज जातात. इंग्लंडचे गोलंदाज सिडनी बार्न्स, ज्यांच्या नावावर सत्तावीस कसोटींत १८९ बळी आहेत, ते १९१५ ते १९२३ या काळात सॉल्टेअरचे प्रो होते. उन्हाच्या शनिवारी बाग गच्च भरते. सावलीतला बाक हवा असेल तर नाणेफेकीच्या अर्धा तास आधी पोहोचा.

टॉडमर्डन हे मँचेस्टर आणि लीड्सच्या मधलं, कॅल्डर खोऱ्यातलं गाव. दोन्हीकडून थेट रेल्वेगाडी आहे. लँकशर आणि यॉर्कशरची जुनी सीमा इथल्या टाउन हॉलच्या मधून जायची. आज गाव यॉर्कशरमध्ये मोडतं, क्लब मात्र लँकशर लीगमध्ये खेळतो. सेंटर व्हेल मैदान स्थानकापासून दहा-बारा मिनिटांवर, चारही बाजूंनी टेकड्या. पाऊसही तितकाच.

पावसावरून एक उपयोगी गोष्ट. पश्चिमेकडून येणारे ढग पेनाइन डोंगरांवर रिते होतात, म्हणून लँकशरच्या खोऱ्यांत जास्त पाऊस आणि पूर्वेला कमी. टॉडमर्डनला सकाळपासून भुरभुर असताना सॉल्टेअरला खेळ सुरू असू शकतो. बेत आखताना डोंगराच्या दोन्ही बाजूंना एकेक सामना हेरून ठेवा आणि पावसाचा रडार बघून सकाळी दहाला निर्णय घ्या. एकाच खोऱ्यातली दोन मैदानं पर्याय म्हणून धरणं निरर्थक, तिथे दोन्ही एकत्रच बुडतात. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगची सवय असलेल्यांनी इथे तसल्या चिखलात खेळ होण्याची आशा धरू नये. गोलंदाजाची धाव घेण्याची जागा निसरडी असली तरी पंच सामना रद्द करतात.

लांबच्या तीन मैदानांबद्दल थोडक्यात. नॉर्थम्बर्लंडमध्ये बँबरा किल्ल्याच्या पायथ्याशी गावचं मैदान आहे, फोटोसाठी याच्या तोडीचं दुसरं नाही. बेरिकहून एक्स१८ बस तिथे जाते, पण फेऱ्या विरळ. लेक डिस्ट्रिक्टमधलं केझिकचं फिट्झ पार्क, मागे स्किडॉ डोंगर. पेनरिथ स्थानकाबाहेरून एक्स४ किंवा एक्स५ बस पकडा. बाजूच्या ग्रेटा नदीला २०१५च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पुरात हे मैदान उद्ध्वस्त झालं होतं, ते पुन्हा उभं केलं गेलं. स्कार्बरोचं नॉर्थ मरीन रोड मैदान तितकं छोटं नाही, पण मालक स्थानिक क्लबच आहे. यॉर्कशर काउंटीचा सामना असेल त्या दिवशी तिकीट आधी काढा, क्लबचा सामना असेल तर फार विचार करायला नको.

मैदानावर

एका दिवसात तीन मैदानं उरकण्याचा मोह टाळा. पन्नास षटकांचा डाव सव्वातीन तास चालतो, सामना साडेसातच्या आसपास संपतो, आणि रंग चढतो तो दुसऱ्या डावाच्या शेवटच्या दीड तासात. नेमक्या त्याच वेळी पर्यटक गाडी पकडायला निघालेले असतात. दोन मैदानं बघायचीच असतील तर पहिल्या ठिकाणी सुरुवातीचा तास काढा आणि दुसऱ्या ठिकाणी चहापानापासून शेवटपर्यंत थांबा.

बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट. लँकशर लीगसारख्या ठिकाणी फाटकावर एक म्हातारेबुवा टेबल टाकून बसलेले असतात आणि काही पौंड घेतात. नोटा आणि सुटी नाणी मिळून वीसेक पौंड रोख ठेवा. बारमध्ये कार्ड चालतं, पण फाटक, चहाची खिडकी आणि लकी ड्रॉचं तिकीट इथे नाण्यांचंच राज्य. आपली दारू बरोबर नेऊ नका. क्लबचा बार हाच त्याचा मुख्य आधार असतो आणि परवान्याच्या अटीही असतात.

बसण्याची जागा निवडताना दोन गोष्टी सांभाळा. खेळपट्टीच्या दोन्ही टोकांमागे पांढरे साइटस्क्रीन, म्हणजे फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून उभे केलेले पडदे, असतात. त्यांच्या आसपास चेंडू टाकला जात असताना हलायचं नाही. फलंदाज हात वर करून खेळ थांबवतो आणि मग सगळं मैदान तुमच्याकडे बघतं. मैदानाला फेरी मारायची तर साइटस्क्रीनजवळ थांबा, षटक संपलं की पटकन पलीकडे जा. दुसरं, गाडी सीमारेषेला तोंड करून लावू नका. तिथे रिकामी जागा दिसते ती उगीच नाही. षटकाराने काच फुटली तर 'गाड्या स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटी लावून क्लब मोकळा झालेला असतो. मैदानाला उतार असेल तर उताराच्या बाजूला चेंडू जास्त येतात, हेही ध्यानात ठेवा.

मधल्या चौकोनावर, जिथे सगळ्या खेळपट्ट्या आखलेल्या असतात, चहापानाच्या वेळीही पाय ठेवू नका. बाहेरच्या गवतावर त्या वेळात मुलं खेळतात, ते चालतं. खेळपट्टी जवळून बघायची इच्छा असेल तर मैदानाची निगा राखणाऱ्या ग्राउंड्समनला विचारा, सामना संपल्यावर तो बहुधा स्वतःच दाखवतो आणि मग अर्धा तास सोडत नाही. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर शोधायला मदत करा, पण झुडपात हात घालण्याआधी पाहा: नेटल नावाची खाजरी वनस्पती तिथे मुबलक असते. चेंडू हाताखालून, जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे टाका.

धावफलकावर मोठा आकडा एकूण धावांचा, त्याखाली बळी, दोन्ही कडेला फलंदाजांच्या धावा. 'लास्ट मॅन' म्हणजे नुकत्याच बाद झालेल्याच्या धावा, शेवटचा फलंदाज नव्हे. कोण खेळतोय ते कळत नसेल तर 'प्ले-क्रिकेट'वर चालू गुणफलक पाहा किंवा शेजारच्या आजोबांना विचारा. गप्पा सुरू करायला 'या वर्षीचा प्रो कसा आहे?' हा प्रश्न पुरतो. टाळ्या दोन्ही संघांना वाजवतात. एखाद्याने पन्नास केले किंवा पाच बळी घेतले तर काही मैदानांवर अजून डबा फिरतो, त्याला 'कलेक्शन' म्हणतात आणि ते पैसे त्या खेळाडूला जातात. एखादं नाणं टाका.

खाणं

दोन डावांच्या मध्ये वीस-तीस मिनिटांचं चहापान असतं. पूर्वी खेळाडूंना क्लबने जेवण देणं बंधनकारक असे. २०२०च्या साथीनंतर बऱ्याच लीगनी ते ऐच्छिक केलं, त्यामुळे चहाची खिडकी उघडी असेलच असं धरू नका. दुपारचा डबा सोबत असू द्या. खिडकी उघडी असेल तर चहा, केक, स्कोन (छोटा गोडसर पाव) आणि पाय (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळतं. खेळाडूंची रांग आधी, प्रेक्षकांची नंतर.

शाकाहारी लोकांनी इथे बारकाईने विचारावं. चीज आणि कांद्याचा पाय भाजीपाल्याचा वाटतो, पण वरचं आवरण डुकराच्या चरबीत मळलेलं असू शकतं. चिप्सवरची ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची. आणि यॉर्कशरमधल्या पुष्कळ फिश-अँड-चिप्सच्या दुकानांत तळण बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गायीबैलांच्या चरबीत होतं. नुसत्या बटाट्याच्या चिप्ससुद्धा त्याच कढईतल्या. 'व्हेजिटेबल ऑइल?' एवढं विचारलं तरी पुरे, कुणी वाईट मानत नाही. जूनमध्ये दुर्लक्ष केलं तरी श्रावण पाळणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये घरची पोळीभाजीच न्यावी. ब्रॅडफर्ड, बोल्टन, ब्लॅकबर्न या भागांत संघांमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी वंशाची मुलं भरपूर असतात, त्यामुळे तिथे सामोसे मिळण्याची शक्यताही बरी.

फोटो, कपडे, परतीचा प्रवास

खेळाचे दुरून फोटो घ्यायला हरकत नसते. पण संघात अठरा वर्षांखालची मुलं असतात आणि क्लब त्याबाबत काटेकोर असतात. मोठी लेन्स लावणार असाल तर आधी क्लबच्या कुणाला तरी विचारा. ड्रोन नकोच.

जुलैतही स्वेटर आणि पातळ रेनकोट पिशवीत हवा, बसायला छोटी चटई हवी. लाकडी बाक सकाळच्या पावसाने संध्याकाळपर्यंत ओले राहतात. घडीची खुर्ची नेली तरी कुणी हसत नाही, निम्मे लोक तीच घेऊन येतात.

परतीची वेळ निघतानाच लिहून ठेवा. रविवारी छोट्या मार्गांवर गाड्या कमी असतात आणि रुळांची कामं काढली की रेल्वेऐवजी बस धावते, जिला दुप्पट वेळ लागतो. बँबरा आणि केझिककडे शेवटची बस सामना संपण्याआधीच सुटलेली असू शकते. अशा वेळी तिथे मुक्काम करा किंवा स्वतःच्या मोटारीने जा. रुळाकाठच्या मैदानांवर ती चिंता कमी, पण नेल्सन-कोल्नकडे गाड्या साधारण तासाला एक. शेवटची पाच षटकं उरली असताना आवराआवर सुरू करू नका. एक गाडी सोडून पुढची पकडायची, असं आधीच ठरवून ठेवा.